फोन घेतला म्हणजे पैसा होता?

२०२० च्या पावसाळ्यापासून एक मजकूर फिरतो आहे. शब्द बदलतात, सांगणं तेच: हातात पैसा नाही म्हणून रडणाऱ्यांनी लॉकडाऊन उठताच मोबाइलच्या दुकानांपुढे रांगा लावल्या, विक्रीचे विक्रम झाले, मुलांच्या अभ्यासाचं निमित्त करून हौस भागवली, बहिष्काराच्या गप्पा मारून चिनी फोनच घेतले, आणि आता घरोघरी फोन आल्यामुळे ऑनलाइन शिक्षणाची अडचण संपली. शाळा, रेशन, शेतकऱ्यांची मदत, चर्चा कसलीही असो, कुणीतरी तो आणून टाकतंच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. महामारीत फोन कुणी घेतला, कशासाठी घेतला आणि पैसे कुठून उभे केले, हे मी माझ्या वर्गातल्या पालकांकडे पाहत आले आहे. त्यांच्या वतीनं एकेक मुद्दा घेते.

"विक्रीचे विक्रम झाले."

एका तिमाहीपुरतं हे खरं आहे. आयडीसी या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार जुलै ते सप्टेंबर २०२० मध्ये भारतात ५ कोटी ४३ लाख स्मार्टफोन बाजारात गेले, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त. मजकूर लिहिणाऱ्यानं त्याच्या आधीची तिमाही मात्र गाळली. एप्रिल ते जून २०२० मध्ये हा आकडा होता १ कोटी ८२ लाख, म्हणजे आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. दोन्ही तिमाह्यांची बेरीज केली तर २०२० मध्ये सव्वासात कोटी आणि २०१९ मध्ये त्याच सहा महिन्यांत साधारण ८ कोटी ३५ लाख. एक कोटीहून जास्त फोन कमी. पूर्ण वर्ष धरलं तरी २०२० मध्ये जवळपास १५ कोटी फोन गेले आणि ते २०१९ पेक्षा किंचित कमीच होते. शिवाय हे आकडे कंपन्यांनी विक्रेत्यांकडे पाठवलेल्या मालाचे आहेत. सप्टेंबरअखेर दिवाळीसाठी भरून ठेवलेला मालही त्यातच मोजला जातो.

लॉकडाऊन उठताच रांगा का लागल्या, याचं उत्तर मार्चपासूनच्या तारखांत आहे. २५ मार्चला देश बंद झाला. दुकानं बंद, आणि ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू. २० एप्रिलपासून ऑनलाइन फोन मागवता येतील असं आधी जाहीर झालं आणि आदल्या दिवशी ते मागे घेतलं गेलं. ४ मेपासून कमी लागण असलेल्या हिरव्या आणि नारिंगी पट्ट्यांत (झोनमध्ये) परवानगी मिळाली, मुंबई-पुण्यासारखी लाल पट्ट्यातली शहरं थांबून राहिली. कारखानेही बंद होते. ग्रेटर नोएडातला एक मोठा कारखाना मे महिन्यात सुरू झाला आणि कामगारांना लागण झाल्यामुळे लगेच थांबवावा लागला. या काळात ज्याच्या फोनचा डिस्प्ले फुटला, चार्जिंगची पिन गेली, त्याला नवा फोन मिळत नव्हता आणि जुना दुरुस्तही होत नव्हता, कारण दुरुस्तीवाल्याचं शटरही खालीच होतं. अडीच-तीन महिन्यांची अडलेली खरेदी एकदम बाहेर आली. जूनच्या अखेरीस दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढून त्याखाली "पैसा उतू चाललाय" लिहिणं सोपं आहे. तो माणूस एप्रिलपासून थांबलेला होता, हे फोटोत दिसत नाही.

"पैसा होता म्हणूनच घेतला."

मजकुराचा गाभा हाच आणि सगळ्यात चुकीचंही हेच. आधी किंमत पाहू. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. ज्या फोनची करापूर्वीची किंमत दहा हजार, तो ११,२०० ऐवजी ११,८०० ला पडू लागला. त्याच सुमारास डॉलर ७६ रुपयांच्या आसपास गेला होता आणि फोनचे बहुतेक सुटे भाग बाहेरून येतात. म्हणजे लोकांचं उत्पन्न बंद झालं त्याच महिन्यात वस्तू महाग झाली. हौसेची वस्तू असती तर अशा वेळी माणूस सरळ पुढं ढकलतो. साडी, सोफा, गाडी लोकांनी पुढं ढकललीच.

मग पैसे आले कुठून? माझ्या वर्गातली उत्तरं सांगते. पुण्यात कामाला असलेल्या मामाचा जुना सेट आला. कुणी सेकंडहँड घेतला, बॅटरी चार तास टिकते हे माहीत असून. कुणी थोडं डाउन पेमेंट भरून बाकी हप्त्यावर घेतला. एका आईनं बचत गटातून कर्ज उचललं, शेळीसाठी उचलायचं होतं ते. देशपातळीवरही रोकड उभी करायची धडपड लपून राहिली नव्हती. रिझर्व्ह बँकेनं मार्चअखेर कर्जाचे हप्ते थांबवायची सवलत दिली आणि ती ऑगस्टपर्यंत वाढवली. ऑगस्टमध्येच सोनंतारणावर दागिन्यांच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा बँकांना दिली, घरांना आणि छोट्या धंद्यांना हात देण्यासाठी. ज्या देशात रिझर्व्ह बँकेला असं करावं लागतं, तिथं हातात नवा फोन दिसला म्हणून घरात पैसा होता असं ठरवायचं कसं? फोन दिसतो. त्याचा हप्ता दिसत नाही.

आणखी एक आकडा. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, सप्टेंबर २०२० मध्ये ६१.८. ही उडी सगळी लॉकडाऊनच्या खात्यावर टाकली जाते. पण त्याच पाहणीत शाळा बंद झाल्यानंतर नवा फोन घेतलेली कुटुंबं होती साधारण ११ टक्के. म्हणजे वाढीचा मोठा भाग आधीच झालेला होता, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला त्याच्या जोरावर. ज्यांना परवडत होतं त्यांनी महामारीआधीच घेतला होता. लॉकडाऊनमध्ये घेणाऱ्यांत मागे राहिलेले बरेच होते, ज्यांचं आतापर्यंत साध्या कीपॅडच्या फोनवर भागत होतं.

"अभ्यास हे नुसतं निमित्त होतं."

निमित्त आम्ही दिलं, शाळेनं दिलं, आणि ते निमित्त नव्हतं, मागणी होती. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही आपल्या राज्याची घोषणा होती. शिक्षण आहे म्हणजे काय? वर्गाचा व्हॉट्सअॅप गट, त्यावर दीक्षा या सरकारी अभ्यास-अॅपची लिंक, स्वाध्यायाचा फोटो, सोडवलेल्या पानाचा फोटो परत. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली आणि ज्यांच्याकडे फक्त टीव्ही होता त्यांना तिचा खरा आधार झाला. पण गृहपाठ तपासायला टीव्ही उपयोगाचा नव्हता. 'असर'ला २०२० मध्ये आढळलं की पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेली मुलं जेमतेम ३६ टक्के होती, आणि ज्यांना मिळालं त्यांतल्या बहुतेकांना ते व्हॉट्सअॅपवरून मिळालं. गटात नसलेल्या मुलाच्या आईला हा आकडा माहीत असायची गरज नव्हती. शेजारच्या घरातला मुलगा पाढे पाठवतो आणि आपला नाही, हे तिला रोज दिसत होतं.

आणि शाळा हे एकच कारण नव्हतं. सरकारनं त्या दीड वर्षात एकामागून एक कामं पडद्यावर नेली. १ मे २०२० च्या आदेशात कामावर जाणाऱ्यांना आरोग्य सेतू अॅप सक्तीचं केलं; दोन आठवड्यांनी सक्ती सैल झाली, पण तोवर कितीतरी ठेकेदारांनी अॅप नाही तर काम नाही असं सांगून झालं होतं. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर ई-पास, आणि त्याचा अर्ज ऑनलाइन. २०२१ च्या मे महिन्यात १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली ती कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करूनच. जागेवर नोंदणीची मुभा सरकारी केंद्रांवर २४ मेनंतर आली. त्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही सरकारला हेच विचारलं होतं, की ज्यांच्याकडे साधन नाही त्यांनी लस घ्यायची कशी. एका नंबरवर चार जणांची नोंदणी होत होती हे खरं, पण ज्या वस्तीत तो एक नंबरही नव्हता तिथं लोक तालुक्याच्या सायबर कॅफेत जाऊन बसत.

याला हौस म्हणू नका. मुलं त्याच फोनवर गेमही खेळली, रात्री घरानं सिनेमाही पाहिला. घरात फोन आल्यावर तो दिवसभर दप्तरात थोडाच ठेवणार? पण खरेदीचं कारण आणि नंतरचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा मजकूर दुसरी दाखवून पहिली खोडतो.

"घाबरून वाटेल ते घेत सुटले."

यात तथ्य आहे, पण ते फोनबद्दल नाही, ऑक्सिमीटरबद्दल आहे. आपल्याकडे बोटाला लावायचं हे यंत्र घराघरात माहीत झालं ते सप्टेंबर २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेमुळे. आशाताई आणि स्वयंसेवक दारात येऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत. ९५ च्या खाली म्हणजे काळजी, हा हिशोब लोकांना तिथं समजला, आणि एप्रिल २०२१ मध्ये खाटा मिळेनाशा झाल्या तेव्हा घरी मोजण्याशिवाय मार्ग उरला नाही. मग भाव चढले, बनावट यंत्रंही आली. ऑक्सिमीटर, थर्मामीटर, नेब्युलायझर यांच्या नफ्यावर सरकारनं मर्यादा घातली ती २० जुलै २०२१ पासून. तोवर दुसऱ्या लाटेचा सगळ्यात वाईट काळ सरला होता. घाबरून घेतलेल्या यंत्राचा दोष घेणाऱ्याच्या माथी मारण्याआधी ही तारीख पाहावी.

"बहिष्काराच्या गप्पा, हातात चिनी फोन."

१५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. त्या रागात खोटेपणा नव्हता. चिनी कंपन्यांचा बाजारातला वाटा काउंटरपॉइंट या आयडीसीसारख्याच संस्थेच्या मोजणीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतल्या ८१ टक्क्यांवरून दुसऱ्या तिमाहीत ७२ वर आला; त्यात रागाइतकाच बंदरांत अडकलेल्या मालाचा आणि बंद कारखान्यांचाही हात होता. पूर्ण वर्षाचा वाटा मात्र ७५ टक्क्यांच्या आसपास राहिला, कारण दहा हजारांच्या आत दुसरं फारसं काय होतं? मायक्रोमॅक्स या देशी कंपनीचे नवे फोन येईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. गाजावाजा झालेला स्वस्त देशी स्मार्टफोन बाजारात आला २०२१ च्या दिवाळीत, ६,४९९ रुपयांना, शाळा जवळपास दीड वर्ष बंद राहिल्यानंतर. ऑगस्टमध्ये मुलीच्या गटात नाव घालायचं असलेल्या बापानं काउंटरवर जो मिळाला तो घेतला. त्याच्या देशप्रेमाची परीक्षा तिथं घेणं अन्यायाचं आहे, आणि मला या मजकुरातलं सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच.

या मजकुरात लॅपटॉपचा शब्दही नाही, याचं मला नवल वाटतं. खरंच पैसा असलेल्यांची खरेदी शोधायची तर ती तिथं सापडते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली घरं शहरात २३.४ टक्के होती आणि खेड्यात ४.४. आयडीसीच्या मोजणीत २०२० मध्ये भारतात सुमारे १ कोटी ३ लाख संगणक आणि लॅपटॉप गेले, २०२१ मध्ये १ कोटी ४८ लाख. जगभर चिपांचा तुटवडा होता, माल वेळेवर मिळत नव्हता, तरी ही वाढ. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीचे पैसे खरेदीसाठी वापरू दिले. अट होती की वस्तूवर किमान १२ टक्के जीएसटी असावा, पैसे डिजिटल भरावेत आणि ३१ मार्चच्या आत खर्च करावेत. फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळं त्यात बसत होतं. त्यात गैर काही नाही, बाजाराला चालना हवीच होती. पण पगार चालू असलेल्याच्या खरेदीला चालना म्हणायचं आणि मजुराच्या खरेदीला उधळपट्टी, हे मला मान्य नाही.

"आता घरोघरी फोन आहे, अडचण संपली."

२०२१ च्या 'असर'मध्ये घरी स्मार्टफोन असलेली ग्रामीण मुलं ६७.६ टक्के झाली होती. त्याच पाहणीत या घरांतल्या मुलांना विचारलं, फोन तुला अभ्यासाला मिळतो का? कायम मिळतो म्हणणारी २७ टक्के होती, आणि २६.१ टक्के मुलांना तो अजिबातच मिळत नव्हता. लहान वर्गांत तर आणखी कमी, कारण घरात एक फोन आणि दहावीची ताई असेल तर दुसरीतल्या पोराचा नंबर शेवटी. ही पाहणी फोनवरूनच झाली होती, म्हणजे ज्यांच्याकडे कुठलाच फोन नाही ती घरं तिच्यात आलेलीच नाहीत.

माझ्या वर्गात फोन बहुतेकदा वडिलांकडे असायचा आणि वडील सकाळी सातला कामावर जायचे. मी अकरा वाजता पाठवलेला स्वाध्याय रात्री आठनंतर उघडला जायचा, तोवर दिवसाचा दीड जीबी कधी संपलेला असायचा, कधी मूल झोपलेलं असायचं. म्हणून मी स्वाध्याय रात्री पाठवू लागले आणि आठवड्यातून एकदा छापील कागद घेऊन वस्तीवर जाऊ लागले. ज्या घरांत फोन होता, त्या घरांतही तो कागद लागत होता.