वासे, मेहुणा आणि ग्लासवूल

घराच्या मागे एक खोली वाढवली की सगळे म्हणतात वा, जागा झाली! पण त्या खोलीच्या डोक्यावर दुसरा मजला नाही, थेट छप्पर आहे, याचा विचार तेव्हा कोणी करत नाही. बाकीच्या खोल्या एकमेकींच्या आडोशाने निवांत आणि ही बिचारी तीन बाजूंनी उघडी, वरून ऊन. उन्हाळ्यात दुपारी तिथे बसलं की चष्म्याची काडी तापायची, थंडीत बसायचं तर कानटोपी घालून. शेवटी सिलिंगला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, करायचं ठरलं. ठरवलं बायकोने, करणार मी आणि सल्ल्याला मेहुणा.

मी आधी बरंच वाचून काढलं. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ग्लासवूल (काचेच्या बारीक तंतूंची लोकर) असो की थर्माकोल, उष्णता अडवते ती मुख्यतः त्यात अडकलेली हवा, काच किंवा थर्माकोल नुसतं तिला धरून बसतं, हलू देत नाही. म्हणजे खोलीत फुकट पडलेली हवाच आपण रोल करून विकत आणायची. हे मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणे, "मग दोन थर कोंबू ना दाजी, डबल हवा!"

अरे बाबा, कोंबलं की हवाच निघून जाते. २०० मिमीचं ग्लासवूल १०० च्या जागेत दाबलं तर २०० चा फायदा होत नाही, शिवाय वरती छपराखाली साधारण ५० मिमीची फट सोडायची असते तीही बुजते आणि मग ओल धरते. "म्हणजे वरची हवा खेळू द्यायची आणि खालची हलू पण द्यायची नाही?" त्याने विचारलं. हे बरोब्बर होतं, म्हणून जास्तच राग आला.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आमचं घर जागेवर आहे, वासे मात्र फिरलेले. रोल ठरलेल्या रुंदीचा, ६०० मिमी, आणि वाशांमधलं अंतर या टोकाला बरोबर तर त्या टोकाला दोन बोटं कमी. मग काप, कापलं की फट, फटीत चिंधी, चिंधी बसेपर्यंत शेजारचा तुकडा खाली. फट राहिली की उष्णता नेमकी तिथून येते हे डोक्यात बसल्यामुळे मी टॉर्च घेऊन करंगळीएवढ्या फटी हुडकत बसायचो. टॉर्चच्या उजेडात काचेची ती बारीक कुसं चमचम करत खाली येतात ना, इतकी सुंदर दिसतात की ती आपल्याच कॉलरमधून आत चाललीत हे लक्षातच येत नाही.

मग खाज. फुल बाह्या, हातमोजे, गॉगल, मास्क, सगळा जामानिमा होता, तरी खाज. तंतू कातडीला टोचतात म्हणून, बाकी काही नाही. खाजवायचं नाही कारण ते आणखी आत जातात, धुवायचं तेही गार पाण्याने. "खाजवू नका" हे लिहिणाऱ्याला आयुष्यात कधी खाज सुटलेली नसणार. माझे कपडे बायकोने काठीने उचलून वेगळे धुवायला टाकले आणि काठीपण धुतली.

थंडीत खोलीतली वाफ वर जाऊन गार छपराला लागते आणि तिचं पाणी होतं, म्हणून ग्लासवूलच्या खाली प्लॅस्टिकचा पडदा, सगळ्या जोडांना टेप. तेवढं मात्र पटकन झालं, कारण मेहुणा फोनवर होता.

खरी परीक्षा खालून हे सगळं झाकणाऱ्या बोर्डची. १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड, ४ बाय ८ फूट, वजन २५ किलोच्या आसपास, आणि तो वरती धरून ठेवायचा कोणी? तर मी, हातांनी आणि डोक्याने. बायको खालून "अहो, थोडं डावीकडे". कोणाच्या डावीकडे? मेहुण्याच्या हातात ड्रिल, स्क्रू माझ्या बाहीत, आणि त्याच वेळी साहेबांना आठवतं की इथे गोल दिवे मस्त दिसतील, सहा-आठ भोकं पाडू. एवढ्या फटी बुजवल्यावर भोकं! शिवाय तसले बरेच दिवे तापतात, त्यांच्यावर ग्लासवूल पांघरता येत नाही. मान वर अडकलेली असल्याने मी त्याच्याकडे रागाने बघूही शकलो नाही.

पण खोली झाली बरं का मस्त. दुपारी चष्मा शाबूत, थंडीत कानटोपी नको. घरातली सगळ्यात आरामाची जागा तीच, त्यामुळे मला काही ती मिळत नाही, तिथे मेहुणा झोपतो. परवा पडल्या पडल्या वर बघून म्हणाला, "दाजी, दोन थर कोंबले असते ना..."