सुरतेचं लायसन नाशकात चालत नाही, असं समजून चालावं

सुरतेहून बदली होऊन नाशकात आलात. पाथर्डी फाट्याला भाड्याने फ्लॅट मिळाला, गॅस लागला, दूधवाला ठरला, पोरांचे शाळाप्रवेश झाले. आता निवांत बसावं असं तुम्हाला वाटत असेल. बसू नका. तुमच्या पाकिटातल्या लायसनवर अजून ‘गुजरात’ लिहिलेलं आहे. हे तुमच्या लक्षात आलं नसलं तरी सोसायटीच्या चेअरमनच्या आलेलं आहे. नव्या राज्यात आलेल्या माणसाने नवं लायसन काढायचं असतं. का, ते विचारायचं नसतं.

या कामाची सुरुवात कायदा न वाचण्यापासून होते. मोटार वाहन कायदा, १९८८ ची प्रत घरात असलीच तर ती माळ्यावर टाका, कारण त्यातल्या कलम १३ने सगळी मजाच घालवली आहे. लायसन कुठेही काढलेलं असो, ते सबंध भारतात चालतं, असं तिथे एका वाक्यात लिहून ठेवलंय. पोटकलम नाही, ‘परंतु’ नाही, ‘राज्य शासन ठरवील त्या शर्तींस अधीन राहून’ नाही. इतकं सरळ वाक्य कायद्यात राहिलंच कसं, याची खरं तर चौकशी व्हायला हवी. मुदत संपेपर्यंत सुरतेचं लायसन खिशात घालून तुम्ही नाशकातच काय, थेट कन्याकुमारीपर्यंत गाडी हाकू शकता. २०१८ पासून तर कार्ड घरी विसरलं आणि मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असलं, तरी ते पोलिसांनी मानायचं आहे. एवढं कळलं की माणूस घरी बसतो, रविवारी मिसळ खायला जातो आणि त्याच्या आयुष्यात काहीही घडत नाही.

म्हणून माहिती घ्यायची ती माणसांकडून. लिफ्टमध्ये, सलूनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये. सातपूर-अंबडच्या कुठल्याही कँटीनमध्ये असा एक जण बसलेला असतोच, ज्याच्या साडूला बाहेरच्या लायसनपायी घोटीजवळ अडवलं होतं. “पाच हजारांची पावती फाडली भो!” आकड्यात काही खोट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसनशिवाय गाडी चालवण्याचा दंड पाच हजारच आहे. फक्त साडूचं लायसन बाहेरचं होतं की मुळात नव्हतंच, हा प्रश्न तेवढा विचारू नका. रंगात आलेली गोष्ट मोडू नये.

काही आडमुठे लोक म्हणतील, निदान पत्ता तरी बदलून घ्यावा का? घ्यावा की. लायसनच्या कामांसाठीच्या सरकारी सारथी पोर्टलवर जायचं, राज्य महाराष्ट्र निवडायचं, पत्ता बदलाचा अर्ज भरायचा, नव्या पत्त्याचा पुरावा जोडायचा, फी भरायची. पत्ता बदलाची सरकारी फी दोनशे रुपये, वर कार्डाचे आणि टपालाचे थोडे. हे काम इतकं किरकोळ आहे की केल्याचं चारचौघांत सांगतासुद्धा येत नाही. “नुसता पत्ताच बदलला?” असं मेव्हण्याने विचारलं तर काय उत्तर देणार? नाही, तुम्हाला नवं कोरं लायसन हवं, नाशिकच्या एमएच-१५ ने सुरू होणारं. जुनं चालू असताना नवं काढलं तर एका माणसाकडे दोन लायसनं होतात, आणि त्याला कलम ६ची मनाई आहे. पण कायदा आपण आधीच माळ्यावर टाकला आहे.

काहींचं नशीब याहून थोर असतं. त्यांचं लायसन सुरतेचंही नसतं. सुरतेच्या आधी जिथे नोकरी केली, किंवा त्याच्याही आधी मामाच्या गावाला राहून जिथे गाडी शिकले, तिथलं असतं. पुस्तकासारखं, कोपरे दुमडलेलं, आत निळ्या शाईचे शिक्के, आणि फोटोत भरघोस केस. हे पुस्तक संगणकाला ठाऊकच नसतं. सारथीवर नंबर टाकला की ‘नोंद सापडत नाही’. मग ते आधी संगणकात चढवावं लागतं, त्याला बॅकलॉग म्हणतात, आणि बॅकलॉग चढवतं ते लायसन देणारं मूळ कार्यालय. म्हणजे नाशकात लायसनवरचा पत्ता बदलायचा तर आधी मामाच्या गावाला जायचं. आता मामा राहिलेले नाहीत, मामेभावाशी वाटणीवरून बोलणं बंद आहे, आणि तिथल्या खिडकीवरचा माणूस म्हणतो रजिस्टर शोधावं लागेल, पुढच्या आठवड्यात या. अशांना मी काय सल्ला देणार? त्यांनीच मला द्यावा.

पत्त्याच्या पुराव्याकडे वळू. घरमालक एरवी भला माणूस असतो. आल्या दिवशी त्याने चहा पाजला, पाण्याच्या वेळा सांगितल्या, समोरच्यांच्या कुत्र्याबद्दल सावध केलं. त्याच्याकडे नोंदणीकृत भाडेकरार मागा, म्हणजे त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. “अहो, आपल्यात कसली नोंदणी? स्टॅम्पपेपरवर दोन ओळी लिहून देतो, नोटरी करून घेऊ.” महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाचीच आहे, हे त्याला सांगून बघा. पुढच्या महिन्यापासून पाण्याच्या वेळा बदलतील. मग लाइट बिल मागायचं. ते घरमालकाच्या वडिलांच्या नावावर असतं आणि वडील फोटोत असतात. आधार कार्डावर अजून सुरतेतलं उधना. तुम्ही नाशकात राहता हे तुमच्या बायकोला माहीत आहे, दूधवाल्याला माहीत आहे, दुपारी झोपेच्या वेळी कर्जासाठी फोन करणाऱ्या मुलीलाही माहीत आहे. कागदोपत्री मात्र तुम्ही अजून तापीकाठीच आहात.

इथवर पोचलात की पेठ रोडला जायची वेळ झाली. नाशिकचं आरटीओ पंचवटीच्या पुढे, पेठ रोडवर आहे. हा रस्ता तसाच पेठवरून गुजरातेत धरमपूरकडे जातो. जागा निवडणाऱ्याच्या मनात काय होतं ठाऊक नाही, पण वैतागलेल्या माणसाला परत जाण्याची सोय समोरच आहे.

अशा कुठल्याही कार्यालयाच्या आत जाण्याआधी बाहेर बघावं. ताडपत्रीखाली प्लास्टिकचं टेबल, त्यावर अक्षरं झिजलेला लॅपटॉप, स्कूटरच्या सीटवर ठेवलेला प्रिंटर, पायाशी इन्व्हर्टरची बॅटरी, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेलं एक जुनं क्लच प्लेटचं चाक. टेबलामागचा माणूस तुमच्याकडे न बघता तुम्हाला ओळखतो. “या शेठ.” तुम्ही सुरतेहून आलात हे अजून तुम्ही सांगितलेलंही नसतं. तुम्ही फाइल पुढे करता, तो ती उघडत नाही. “काय करायचंय?” “नवं लायसन. महाराष्ट्राचं.” तो तुमच्याकडे क्षणभर बघतो. डॉक्टर ज्या नजरेने इंटरनेटवर आजार वाचून आलेल्या पेशंटकडे बघतात, तीच ही नजर. “होऊन जाईल.”

मग तो काय करतो, हे बारकाईने बघा. सारथी उघडतो. राज्य महाराष्ट्र निवडतो. पत्ता बदलाचा अर्ज भरतो. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो, तो तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवता. फी दोनशे आणि वरचे थोडे, ती तो तुमच्यासमोर भरतो. मग तुमच्याकडून त्याच्या कैक पट घेतो आणि सुटे नाहीत म्हणतो. अख्ख्या नाशकात कलम १३ कोणाला तोंडपाठ असेल तर ह्याला. तुम्हाला नवं लायसन लागत नाही, ते मिळणार नाही, आणि तुम्ही ते घेतल्याशिवाय झोपणार नाही, या तिन्ही गोष्टी त्याला माहीत असतात. माझ्या मते तो एक पैसाही जास्त घेत नाही. पत्ता बदलून देण्याचे दोनशे, आणि तुमची समजूत मोडली नाही याचे बाकीचे.

चाळिशी ओलांडलेल्यांकडे काही कामांसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्रही मागतात, नमुना १-अ. टेबलाच्या शेजारच्या टेबलावर त्याची सोय असू शकते. डॉक्टर समोर दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. तुमची नजर तपासायची आहे, त्यांची नव्हे.

एवढ्याने समाधान होत नसेल आणि नवं लायसन काढण्याचा अस्सल अनुभवच हवा असेल, तर एक खात्रीचा उपाय आहे. आहे ते लायसन मरू द्या. मुदत संपायच्या आधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळात नूतनीकरण मुकाट होतं, म्हणून हा काळ डोळे मिटून काढावा लागतो. घरचे आठवण करतील, त्यांना “बघतो” म्हणायचं. मुदत संपल्याचं वर्ष उलटलं की तुम्ही पुन्हा परीक्षेला बसता. मधल्या काळात कुठे अडवलं तर ती घोटीची पावती या वेळी खरोखर तुमच्या नावाने फाटेल, आणि कँटीनमध्ये सांगायला तुमच्याकडेही काही असेल.

शिकाऊ लायसनची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ, तो लावून चहा टाकायला उठायचं. मग चिन्हं ओळखायची. बारावीतल्या भाच्याला कॅमेऱ्यात येणार नाही असा, पण ऐकू येईल इतका जवळ बसवावा. तो खोकला की ‘ब’. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ‘थांबण्यास मनाई’ आणि ‘वाहनतळास मनाई’ यांतला फरक सांगता येत नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. कॉलेज रोडला संध्याकाळी एक चक्कर मारा, तो फरक तिथे कुणालाच सांगता येत नाही.

तीस दिवसांनी ट्रॅक. प्रत्येक प्रकारच्या वाहनाच्या चाचणीची फी तीनशे. दुचाकीला आठचा आकडा, पाय टेकला की गेलात. चारचाकीला इंग्रजी एचचा आकार, तोही रिव्हर्समध्ये. गाडी शक्यतो मोटार ट्रेनिंग स्कूलची न्या, तिच्यात ब्रेक शेजारच्या सीटखालीही असतो आणि शेजारी मास्तर असतो. पास झालात की ट्रॅकवरून बाहेर पडा, आणि नाशकातल्या द्वारका चौकात जा. तिथे मुंबई-आग्रा महामार्ग नि पुणे रोड एकमेकांना भेटतात, म्हणजे भिडतात. त्यात सिंहस्थाच्या तयारीची खोदाई. तिथे आठचा आकडा काढायला कुणी सांगत नाही, आपोआप निघतो. पाय टेकला तरी कुणी नापास करत नाही, मागून हॉर्न मारतात फक्त.

लायसनचं एवढं रामायण उरकेपर्यंत तुमची गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. नंबर सुरतेचा, जीजे-०५. तिच्याबाबतीत मात्र कसलीही घाई करू नका. गंमत अशी की कायदा खरोखर काही करायला सांगतो तो तिच्याच बाबतीत. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी सुरतेहून नमुना २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं नाहरकत, इथे गाडीची किंमत आणि वय बघून रोड टॅक्स, आणि तिथे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज. खरं काम हे आहे. त्यात कागद आहेत, खर्च आहे, दोन राज्यं आहेत. म्हणून ते पुढच्या दिवाळीनंतर. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने बीएच मालिका काढली. त्या नंबरची गाडी राज्य बदललं तरी पुन्हा नोंदवावी लागत नाही. ती घ्यायची सुबुद्धी खरं तर गाडी घेतानाच व्हायला हवी, पण गाडी घेताना आपण फक्त रंग बघतो.

मग एक दिवस द्वारकेला हवालदार हात करतो. तुम्ही मोठ्या रुबाबात खिशातून ते ताजं, नाशिकच्या पत्त्याचं कार्ड काढता. तो ते हातातही घेत नाही. “पीयूसी?” ती मार्चमध्ये संपली. मग तो गाडीला एक फेरी मारतो, नंबर बघतो आणि विचारतो, “कधी आणली गाडी नाशकात?” याचं उत्तर एकच आहे आणि ते अजिबात न अडखळता द्यायचं असतं: “परवाच आलो, साहेब.” फक्त घरून निघताना समोरच्या काचेवरचं सोसायटीचं पार्किंग स्टिकर काढून टाका, ज्याच्यावर फ्लॅट नंबर आणि २०२१ असं ठळक छापलेलं आहे. नुसत्या नखाने निघत नाही. गरम पाण्याचं फडकं थोडा वेळ दाबून धरायचं आणि मग जुन्या ब्लेडने, काचेवर ओरखडे येणार नाहीत असं, कडेकडेने सोडवत आणायचं.