लॉक धरत नसेल तर चाकू कारखान्याबाहेर येतोच कसा?

नवा चाकू हातात आला की सगळे आधी पातं बघतात. मीही तेच केलं. पातं सुंदर होतं. मुठीची पकड छान, अंगठ्यानं जरा ढकललं की सर्रकन उघडणारा, खोक्यावर पोलादाचं नाव ठळक अक्षरांत आणि खाली कडकपणाचा आकडा. मग चाकू उघडा ठेवून पात्याची पाठ चिमटीत धरली आणि वर-खाली हलवून बघितली. आतून बारीक 'टक' झालं. परत हलवलं, परत टक.

घडीच्या चाकूत हा आवाज यायलाच नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या चाकूत लायनर लॉक आहे. मुठीच्या आत पोलादाची एक पातळ पट्टी असते, स्प्रिंगसारखी आतल्या बाजूला वाकवलेली. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडामागे जाऊन बसते, दाराला अडसर लावावा तशी. पात्याच्या बुडाला साधारण 7 ते 10 अंशांचा उतार दिलेला असतो, त्यामुळे पट्टी पाचरीसारखी आवळून बसते आणि वापरानं झीज झाली तरी थोडी थोडी पुढे सरकत पकड टिकवते. म्हणूनच नव्या चाकूत ती बुडाच्या सुरुवातीच्या भागातच थांबायला हवी. माझी पट्टी पहिल्याच दिवशी पार पलीकडच्या बाजूला टेकली होती. झिजायला जागाच उरली नव्हती.

मग मार्कर घेतला. पात्याच्या बुडाला जिथे पट्टी टेकते तिथे काळी शाई फासली, वाळू दिली, चाकू दहा-बारा वेळा उघडला-मिटला आणि भिंगाखाली धरला. शाई पुसली गेली होती ती फक्त पिव्होटजवळच्या, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्याजवळच्या कोपऱ्यात, मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत. बाकी सगळी जशीच्या तशी. पट्टी पिव्होटपासून जितकी लांब टेकेल तितकं पातं पक्कं राहतं, आणि इथे ती नेमकी उलट टोकाला टेकत होती. शेवटी बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ एका जाड वहीवर हलकेच आपटली. दुसऱ्याच वेळी पट्टी निसटली आणि पातं मिटलं. दोरी कापताना हे झालं असतं तर मधे माझी चार बोटं असती.

कंपनीला फोटो आणि व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं की हे आमच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत बसतं, स्क्रू जरा आवळून बघा. मला खरा संताप आला तो या उत्तराचा. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर पिव्होटचा स्क्रू आवळून बहुतेक वेळा भागतं. वर-खाली हलणं स्क्रूनं जात नाही, कारण दोष पट्टीच्या आणि बुडाच्या घासणीत असतो. चाकू बनवणाऱ्यांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. आणि स्वतः खोलून दुरुस्त करायला गेलं की वॉरंटी रद्द!

चाकूचा नाद असलेल्या मंडळींवरही माझा राग आहे, आणि तो मनापासून आहे. "वापरून वापरून बसेल", "या किमतीत एवढं चालायचंच" असं आपण इतक्या सहज म्हणतो की तपासणीचं काम गिऱ्हाइकानंच करायचं हे आपणच मान्य करून टाकलंय. काही दोष मीही पोटात घालते. मिटलेलं पातं मधोमध न बसता एका बाजूला झुकलं, मुठीवर ओरखडा निघाला, धारेचा उतार एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद आला, तर सहाणेवर बसून मी ते निस्तरीन. पहिली धार लवकर गेली म्हणूनही मी पोलादाला नावं ठेवत नाही. कारखान्यात वेगानं फिरणाऱ्या पट्ट्यावर धार काढताना अगदी टोकाची कड तापून मऊ पडू शकते, दोन-चार वेळा धार लावली की खालचं चांगलं पोलाद वर येतं. पण लॉकचा दोष या यादीत बसत नाही. तिथे 'चालेल' हा शब्दच नको.

लायनर लॉक मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो आजच्या रूपात आणला, आणि नीट घासून बसवलेला असला तर तो फार भरवशाचा आहे. पण सगळा भरवसा दोन छोट्या पृष्ठभागांच्या बसण्यावर आहे. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला 1955 साली व्हिरोब्लॉक नावाचं फिरणारं कडं आलं. ते कडं फिरवलं की पात्याची वाटच बंद होते, इतकी साधी गोष्ट. लायनर लॉकमध्ये तसं नाही, केसाएवढा फरक पडला तरी पकड जाते. म्हणजे ज्या कारखान्यानं हे लॉक निवडलं त्यानं प्रत्येक नग हातात घेऊन, उघडून, पाठीवर दाब देऊन बघायलाच हवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. खोक्यावर पोलादाचं कौतुक छापायला वेळ आहे, तर याला का नाही?

चार वेळा लिहिल्यावर त्यांनी चाकू बदलून दिला. परवा आला. आल्या आल्या मार्कर काढला. या वेळी शाई पिव्होटपासून लांबच्या टोकाला, चांगल्या रुंद पट्ट्यात पुसली गेली, लॉकची पट्टी बुडाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच थांबतेय, आणि पाठ कितीही दाबली तरी आवाज नाही. पातं मात्र मिटल्यावर डावीकडे झुकतं. ते मी ठेवून घेतलंय.