पॉइंट दिले म्हणून कोणी मनापासून शेअर करत नसतं

एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय, तुमच्याकडेही आली असेल. म्हणे मोबाईल ॲपमध्ये पॉइंट, बॅज, स्ट्रीक असा गेमचा मसाला टाका की लोक स्वतःहून फोटो, रिव्ह्यू शेअर करायला लागतात.

पहिला दाखला स्नॅपचॅट या फोटो पाठवायच्या ॲपचा, स्ट्रीकमुळे (म्हणजे सलग किती दिवस एकमेकांना फोटो पाठवले त्याची मोजणी) म्हणे मित्रांचा रोज संवाद होतो. आता काय होतं ते सांगते. दोघांनी २४ तासांत एकमेकांना स्नॅप, म्हणजे फोटो, पाठवला नाही की स्ट्रीक तुटते, नावापुढचं आगीचं चिन्ह गायब. माझी भाची सुट्टीत आली होती, सकाळी डोळे चोळत उठली आणि पहिलं काम काय तर छताच्या पंख्याचा फोटो काढून वीसेक जणांना पाठवला. म्हटलं अगं हे काय? "काही नाही गं मावशी, स्ट्रीक आहे." नंतर कोकणात जायचं होतं, तिथे रेंज नाही, तर बाईसाहेबांनी पासवर्डच मैत्रिणीला देऊन टाकला, माझ्या वतीने तू पाठव म्हणून! मग यात कोण कोणाशी बोललं? (आपण गुड मॉर्निंगचे गुलाब तरी कुठे बघून पाठवतो म्हणा, पण नाही पाठवले तर निदान काही तुटत नाही.)

दुसरा दाखला गुगल पेचा, २०१९ ची दिवाळी. दिवा, कंदील, फूल, झुमका, रांगोळी असे ॲपमधले पाच स्टॅम्प जमवले की २५१ रुपये. रांगोळी काही केल्या मिळेना, तेव्हा शाळेच्या ग्रुपवर कधी हूं की चूं न करणारे लोकसुद्धा "एक्स्ट्रा रांगोळी आहे का कुणाकडे" करत उगवले. खेळ जोरात चालला हे मान्यच, पण चालला तो २५१ रुपयांवर, दिवाळी संपली आणि मंडळी परत गप्प.

गुगल मॅप्सवर फोटोला ५ आणि रिव्ह्यूला १० पॉइंट मिळतात, म्हणून माहिती दर्जेदार होते, असंही त्या पोस्टमध्ये आहे. कुठलीही खानावळ उघडून बघा, एकाच थाळीचे सहा फोटो सापडतील, पार्किंगबद्दल एक ओळ नाही.

आणि शेवटी म्हणे एकदा सवय लागली की बक्षीस काढलं तरी चालतं. हे तर उलटंच आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर वगैरे संशोधकांनी बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला होता, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, आणि नंतर मोकळ्या वेळात त्याच मुलांनी रंगाची पेनं कमी हातात घेतली. ज्यांना न सांगता सर्टिफिकेट दिलं ती आपली पूर्वीसारखीच काढत बसली होती.