आजोबांमागचा डाग

परवा आजोबांचा फोटो मोठा करून घ्यायला दिला आणि हातात पडला तेव्हा हिशेबाने आजोबा दहा वर्षांचेही नव्हते. मिशी मात्र जशीच्या तशी. भरघोस.

आत्याची पंचाहत्तरी आहे, तिला तिच्या वडिलांचा तरुणपणचा फोटो द्यायचा, एवढाच बेत होता. फोटो काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. मागे कुणीतरी बोरूने लिहिलंय : 'उजवीकडे तात्या.' फोटोत चेहरा दिसेल असा माणूस एकच, तो डावीकडे कशाला असेल? गाव कुठलं, साल कुठलं, यावर अक्षर नाही. आमच्या घराण्यात शाई नेहमी नको तिथे खर्च झालेली आहे.

पण जागा मला पाहताक्षणी कळली होती. मागे दगडी इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा, आणि डाव्या कोपऱ्यात लोकमान्यांचा पुतळा, अर्धा कापलेला आणि धुरकट. पुण्याची मंडई. १८८६ साली उभी राहिली तेव्हा गव्हर्नरसाहेबांच्या नावाने 'रे मार्केट'. नगरपालिकेत असताना या इमारतीच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, हे पैसे शिक्षणावर लावा म्हणून. पुढे इमारतीला नाव दिलं ते त्यांचंच. पुण्यात विरोधकाचा मान असा राखतात. नाहीतरी या गावात नावांवर कुणी विसंबू नये. लकडी पुलात औषधालासुद्धा लाकूड नाही आणि नवा पूल शंभरी ओलांडून गेला तरी नवाच.

दुकानात आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेले एक काका बसले होते. काखेत हेल्मेट, गळ्यात चष्म्याची दोरी. काउंटरवरचा फोटो त्यांनी न विचारता उचलला, उजेडाकडे धरला आणि निकाल दिला.

"क्रॉफर्ड मार्केट."

"मंडई आहे, काका."

"अहो, मी मुंबईत नोकरी केलीय. क्रॉफर्ड मार्केट."

"मग ट्रामचे रूळ कुठायत? १९६४ पर्यंत ट्राम होती तिथे."

काकांनी चष्मा चढवला. फोटो पुन्हा पाहिला. मला वाटलं, संपलं.

"रविवार असेल," काका म्हणाले.

रविवारी रूळ कुठे जातात, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण मागे रांगेतल्या एका बाईंनी मान डोलावली. मी बाजू बदलली. "हा मागचा म्हातारा बघा, पुणेरी पगडी आहे."

"पाहुणा आला असेल. पुण्याची माणसं मुंबईला जात नाहीत?"

"आणि हा पुतळा? टिळकांचा. मंडईतला. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवलाय."

"हा?" काकांनी कोपऱ्यावर अंगठा ठेवला. चांगला ओला अंगठा. "हा डाग आहे."

"डाग नाही, पुतळा आहे."

"अहो, बुरशी आहे ही. जुन्या फोटोंना धरतेच. माझ्या साडूंचा या विषयात हात धरणारं कोणी नाही, त्यांना दाखवू का?" आणि मला उत्तराची संधी न देता त्यांनी मोबाइलवर फोटोचा फोटो काढून कुणाला तरी पाठवूनही दिला. माझे आजोबा, माझा फोटो, माझी मंडई. माझं मत तेवढं दुकानात कुणाला नको होतं. मालक म्हणाले, "काका बरोबर असतील हो, त्यांचं वय बघा." वयाचंच बघायचं तर फोटोतल्या माणसाचं बघा ना! आजोबा १९१४ चे. फोटोत बावीस-तेवीसचे असतील. मागे पुतळा आहे, म्हणजे साल १९२४ नंतरचं. सगळं कसं जुळत होतं.

संगणकावर बसलेला पोरगा हे सगळं ऐकत होता, असं मला वाटत होतं. ऐकत होता, पण काकांचं.

फोटो हातात आला तेव्हा आकाश निळंशार होतं, आजोबांचे ओठ गुलाबी, कोट मरून. मंडईचे दगड नुकतेच धुतल्यासारखे. आणि डावा कोपरा स्वच्छ. लोकमान्य नाहीत.

"पुतळा कुठाय?"

"डाग काढला, काका. त्याचे पैसे नाही लावले."

म्हणजे आता कागदोपत्री फोटो १९२४ च्या आधीचा, आणि आजोबा मिशा लावून चौथी-पाचवीत. हे मी त्याला समजावायला गेलो तर तो म्हणाला, "कोट कॉफी करून देऊ का?"

खरं सांगतो, तिथे मी हसलो, पण घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं. जुना फोटो कोपऱ्याकोपऱ्यानेच तर बोलतो : एखादी अर्धी पाटी, विजेचा खांब, कुठला पुतळा आहे आणि कुठला नाही. मधला माणूस काय, सगळीकडे सारखाच ताठ उभा असतो. आणि हल्ली तेच कोपरे सगळ्यांना घाण वाटतात. एक बटण दाबलं की साफ. वर त्याला 'सुंदर केलं' म्हणायचं.

आत्याला दोन्ही फोटो दाखवले. रंगीत फोटो तिने छातीशी धरला, डोळ्यांना पदर लावला. मूळ फोटो लांब धरून म्हणाली, "यावर कसला रे डाग पडलाय? टाकून दे हा." शिवाय रंगीतच्या आणखी प्रती हव्यात, दोन्ही सुनांच्या माहेरी पाठवायला. त्या आणायला जाणार कोण? मीच.

गेलो. मालकांनी प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या आणि वर काकांचा निरोप : साडूंनी फोटो नीट पाहिला, क्रॉफर्ड मार्केट नाहीच ते, काकांची चूक काकांना मान्य आहे.

कोल्हापूर आहे म्हणे.