मामाची वेलची आणि गिनी गोल्ड

गेल्या रविवारी मामाने पुण्याहून घरच्या ग्रुपवर एका नटीचा फोटो टाकला. वेलचीच्या आडून गुटखेवाल्यांची जाहिरात करणारी. खाली लिहिलं, "बाईचा चेहरा लावून तंबाखू विकणं ही गोऱ्यांची विकृती. आपल्याकडे नटीला मान होता." लगेच बारा अंगठे वर. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून जास्त खुपतं. मी ब्रिस्टलला बेडमिन्स्टरमध्ये राहते. विल्सच्या जुन्या सिगारेट कारखान्याचा उरलासुरला भाग घरापासून चालत दहा मिनिटांवर. पाकीट दबून सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर चित्र छापायची युक्ती अमेरिकेतली. १८८०च्या दशकात बॉन्सॅकचं सिगारेटी वळायचं यंत्र आलं, सिगारेटींचा ढीग पडू लागला, मग गिऱ्हाईक ओढायला रिचमंडच्या ॲलन अँड गिंटरने आणि डरहॅमच्या ड्यूकने नट्यांच्या फोटोंचा सपाटा लावला. इकडे विल्सने आणि लिव्हरपूलच्या ऑग्डेनने तोच कित्ता गिरवला. ऑग्डेनच्या 'गिनी गोल्ड'चं एक कार्ड मी रविवारच्या बाजारातून घेतलंय. तळहातात मावणारा खरा फोटो, मान जराशी वळवलेली बाई, आणि तिच्या नावाबरोबर सिगारेटचंही नाव. कुणाच्या कुणाच्या खिशातून फिरून आली असेल!

पण मामा, गोरेही गप्प नव्हते. १८९४ साली खुद्द म्हाताऱ्या वॉशिंग्टन ड्यूकनेच मुलाला पत्र लिहून ही असभ्य चित्रं बंद कर म्हणून सांगितलं होतं. आणि त्याच काळात आपल्या किर्लोस्कर मंडळीत नटीला मान होता म्हणतोस? तो मान भाऊराव कोल्हटकर घेत होते! 'सौभद्रा'तली सुभद्रा तेच. पुढे बालगंधर्व. नटीच नव्हती, तर मान कुणाला दिलात? इथे एलन टेरी या नटीला लग्नाशिवाय दोन मुलं झाली, तरी १९२५ साली तिला 'डेम' हा सरकारी किताब दिला. (तेव्हा ती सत्तरी केव्हाच ओलांडून गेली होती, हे मी ग्रुपवर लिहिणार नाही.)

आणि आपल्या घरातला मान? तुझ्याच बहिणीचा, माझ्या मावशीचा, राज्य नाट्य स्पर्धेतला फोटो पेपरात आला होता. आजोबांनी तो अंक रद्दीतसुद्धा जाऊ दिला नाही, बंबात घातला. कुणाच्या भज्यांच्या पुड्यावर पोरीचा चेहरा दिसेल म्हणून. मावशीने पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. परवा सर्वांत आधी अंगठा तिचाच आला.

हे सगळं मी ऑफिसात सांगितलं असतं तर? नाही सांगणार. तिथे कुणी आपल्याकडच्या बायकांची कीव करायला लागलं की मी ताबडतोब सुभद्रेच्या पदांपासून सुरुवात करते, आणि ती पदं पुरुष म्हणायचा हे अजिबात बोलत नाही. मामाशी भांडताना मी इंग्लंडची, इंग्रजांशी भांडताना सदाशिव पेठेची.

विल्सच्या त्या कारखान्यात आता नाट्यगृह आहे. माझ्या लेकीने पहिलं नाटक तिथेच पाहिलं, आणि सप्टेंबरपासून ती अभिनय शिकायला जाणार आहे.

ग्रुपवर मी 'मीडिया' असं लिहिलंय.