‘दिसला बॉल की हाण’? जरा थांबा

आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीच्या टीटी ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. दोन दिवसांत तोच ऑफिसच्या ग्रुपवर आणि दादरच्या मावसभावाकडूनही आला, म्हणजे बराच फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: टेबल टेनिस हा ताकदीचा खेळ, दिसेल तो बॉल पूर्ण जोरात मारा, समोरच्याला वेळच मिळत नाही, जोर खांद्यातून काढा, तरी जमत नसेल तर बॅटला सगळ्यात फास्ट रबर लावा. खाली फुगवलेल्या दंडाचं चित्र. पोरांनी हे मनावर घेतलं आणि रविवारी निम्मे बॉल कॅरमच्या स्टँडखालून काढावे लागले.

दिसेल तो बॉल मारायला आधी भूमितीच आडवी येते. टेबल २.७४ मीटर लांब, मधोमध १५.२५ सेंटिमीटरचं नेट. आपल्या कडेवरून सरळ रेषेत मारलेला बॉल नेट चाटून समोरच्या कडेला टेकायचा असेल, तर मारताना तो नेटच्या दुप्पट उंचीवर हवा, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. मी लेकीची फूटपट्टी टेबलाच्या कडेला उभी धरली आणि पोरांना म्हटलं, या टोकापर्यंत किती बॉल उडतात ते मोजा. अख्ख्या गेममध्ये तीन निघाले.

बाकीच्या बॉलची वाट वाकवावी लागते. गुरुत्वाकर्षण थोडी वाकवतं, पण जितकं जोरात माराल तितका त्याला वेळ कमी. हवेचा रोध सोडला, तर सेकंदाला १० मीटर वेगाने गेलेला बॉल टेबलाची लांबी कापेपर्यंत सुमारे ३७ सेंटिमीटर खाली ओढला जातो. २० मीटर वेगाने गेलेला जेमतेम ९. उरलेलं काम टॉपस्पिनने करायचं. रबर बॉलला मागून वर घासत गेलं की बॉल पुढच्या अंगाला फिरत सुटतो आणि हवाच त्याला खाली दाबते. बॉलचं वजन २.७ ग्रॅम, त्यामुळे हा दाब चांगलाच जाणवतो. म्हणून तर लूप, म्हणजे असा वर घासून मारलेला फटका, नेटच्या वीतभर वरून जाऊनही टेबलावर बसतो.

आता फॉरवर्डमध्ये अवाक्षर नसलेली गोष्ट: बॉलवर काय आलंय? कट दिलेला, म्हणजे खालून घासून उलटा फिरवलेला बॉल सपाट मारला की थेट नेटमध्ये. तिथे गुडघे वाकवा, बॅट मांडीच्याही खाली न्या, बॉल उतरायला लागला की वर घासत उचला. पण समोरून टॉपस्पिन आलेला असताना हेच केलंत, तर बॉल पंख्याला. तिथे बॅट पुढे झुकवून झाकायची आणि पुढे जायचं. सोडला तर आपल्याच बाजूला दुसरा टप्पा पडेल इतका आखूड बॉल असेल, तर हात फिरवायला टेबलच आड येतं. मनगटाने फ्लिक करा, म्हणजे झटक्यात उडवा, नाहीतर मुकाट्याने पुश करा, म्हणजे खालून हलकेच ढकला. आमच्याकडे पुश करणाऱ्याला ‘काय ढोकळा खातोस का’ म्हणून चिडवतात. चिडवू देत.

‘समोरच्याला वेळ मिळत नाही’ हेही अर्धंच खरं. चांगल्या ब्लॉकरला सपाट, एकाच वेगाचा मारा आवडतो. तो नुसती बॅट धरतो आणि तुमचाच वेग तुम्हाला परत देतो. तुम्ही तेव्हा पूर्ण जोराच्या झोक्यात एका पायावर असता.

खांद्याबद्दल एवढंच, की यात भलं फक्त फिजिओथेरपिस्टचं आहे. जोर पायांतून आणि कमरेच्या वळणातून येतो, कोपरापुढचा हात शेवटी झपकन मिटतो. मूठ सैल.

रबराच्या बाजूने कोणी १९५२ चा दाखला देईल. त्या वर्षी जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली आणि जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन पुरुष एकेरी जिंकून गेला. पण त्या बॅटची कमाल नुसत्या वेगात नव्हती. बॉलचा ‘टक’ आवाजच येईना, समोरच्यांचा अंदाज कोलमडला. आज रबर आणि स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत बांधलेली आहे, आणि सगळ्यांकडे साधारण तेच असतं. फास्ट रबर मीही एकदा लावलं होतं. दोन महिने माझे ब्लॉक टेबलाबाहेर जात होते. गुपचूप जुनी बॅट काढली. त्यात आपला जुलै! दमट हवेत रबराला ओल धरते आणि घासायला गेलं की बॉल सटकतो. नव्या रबराआधी खिशात कोरडा नॅपकिन ठेवा.

फॉरवर्डमधली एक गोष्ट मात्र मान्य: लॉब आला, बॉल डोक्याएवढा उडाला, तर हाणाच. तिथेही आमचे पहिल्या मजल्यावरचे काका बॉल उतरून कमरेशी येईपर्यंत वाट बघतात आणि मग नेटला शिव्या देतात.